खंडेनवमीचा कापूर

"वाक की बे! लिंबू ठेव चाकाखाली. गाडी काय खाती व्हय तुला?"

गोदामाचे कारकून गुरुसिद्धप्पा ओरडले आणि आम्ही हमाल खो खो हसलो. फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर बिरप्पा तिच्यापाशी घाम पुसत उभा होता.

आमच्या सोलापूरच्या गिरणीत आधी हातगाडे होते, मग गाठी उचलणारी डिझेलची फोर्कलिफ्ट आली. तिच्या धुराने कापूस काळा पडायचा, म्हणून सत्त्याहत्तर साली ही गॅसवाली आणली. ड्रायव्हरच्या पाठीमागे आडवी टाकी. "पाटीवर मरण घिऊन बसल्यागत वाटतंय," बिरप्पा म्हणायचा. वास आला, वास आला म्हणून त्याने कितीदा काम थांबवलं, पण मेकॅनिकला काही सापडलं नाही. तेव्हापासून तो आमची भागूबाई!

गोदामात विडीला बंदी होती. पण खंडेनवमीच्या कापराला कोण अडवणार? छतापर्यंत कापसाच्या गाठी, आणि त्यांच्यामध्ये बिरप्पाची बायको मायाक्का पेटती आरती घेऊन उभी.

बिरप्पा लिंबू ठेवायला वाकला आणि तसाच थिजला.

"हिकडं आणू नगं! वास येतुया!"

"अवो, आज तरी भिऊ नका की. चार मान्सं बगत्यात," म्हणत मायाक्का ताट घेऊन चाकाकडे वाकली.

बिरप्पाने पेटता कापूर मुठीत दाबून विझवला. ताट खणकन पडलं.

"आरती इजवली ह्येनं! अपशकुन केला!" गुरुसिद्धप्पा अंगावर धावले.

"गप! आईका की!"

आम्ही कान दिले. टाकीच्या नळीतून बारीक फुसफुस येत होती. बिरप्पाने डाव्या हाताने टाकीचा कॉक पिळून बंद केला आणि आम्हाला बाहेर हाकललं. मागून स्वतः आला आणि पायरीवर मटकन बसला.

"लई भ्यालो गं," म्हणून तो लेकरासारखा रडला. मायाक्का त्याची भाजलेली मूठ उघडू बघत होती, ती उघडेना.

नळी बदलली. दसरा झाल्यावर बिरप्पा हाताला फडकं गुंडाळून आला, चाकाजवळ गुडघ्यावर बसला आणि वास घेऊ लागला. कुणी हसलं नाही. गुरुसिद्धप्पाही टोपी काढून त्याच्या शेजारी वाकले.

त्या दिवशी हातातून सुटलेलं लिंबू तिथेच पडलं होतं. बिरप्पाने ते चाकाखाली सरकवलं आणि थरथरत वर चढला.