वरची पंधरा मिनिटं

मिस्त्रींनी उभी हयात विटांच्या भट्टीवर काढली होती. कच्ची वीट बाहेर आली की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. आता भट्टी सुटली, गुडघे गेले, पण खोड तेवढी शाबूत होती.

त्या दुपारी सूनबाईनं ओट्सच्या कुकीज केल्या. तिच्या आईचे वरचे सगळे दात काढून महिना झाला होता. "पातळसातळ पिऊन कंटाळले गं, काहीतरी चघळावंसं वाटतं," असं आई फोनवर म्हणाली, ते लेकीच्या मनाला लागलं. तिनं मनुका कोमट पाण्यात भिजवल्या, लोणी-साखर फेसली, ओट्स आणि मैदा कालवून पीठ तासभर फ्रिजमध्ये ठेवलं. कडा लालसर होताच तिनं ट्रे बाहेर काढला.

"गार होऊ द्या, बाबा. हात लावू नका," असं सांगून ती आईला आणायला बसथांब्यावर गेली.

मिस्त्रींनी हात लावलाच. मधोमध बोट रुतलं. पोरगी घाईत निघाली, कच्चंच राहिलं, आईसमोर तिची फजिती व्हायला नको, असं त्यांच्या मनात आलं. ओव्हन अजून गरम होता. त्यांनी ट्रे परत आत सारला, बटण फिरवलं आणि चांगली पंधरा मिनिटं भाजलं. मग ट्रे होता तसा ओट्यावर ठेवला, एक कुकी बोटानं वाजवून पाहिली. खणखणीत. त्यांचं समाधान झालं.

विहीणबाई आल्या, खुर्चीत टेकल्या. एक कुकी त्यांनी तोंडात घातली, या गालातून त्या गालात फिरवली आणि हळूच रुमालात काढली.

"वास किती छान आलाय," त्या म्हणाल्या.

सूनबाईनं एक मोडून पाहिली. काटकन आवाज झाला. तिचा चेहराच उतरला.

"काल ओव्हनला हात कोणी लावला होता?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मी फक्त आतला दिवा बदलला."

"दिवा बदलता बदलता आणखी काय काय बदललंस?"

"घ्या. घरात पाल मेली तरी नाव माझंच."

"येणारच. मिक्सर तूच दुरुस्त केला होतास ना? तो बसलाय माळ्यावर."

मुलगा स्क्रूड्रायव्हर घेऊन ओव्हनमागे वाकला. मिस्त्री खिडकीशी बसून होते. बोलावं तर विहिणीसमोर लाज, न बोलावं तर पोरगा फुकट बोलणी खातोय. तेवढ्यात विहीणबाईंनी लेकीचं मन राखायला दुसरी कुकी उचलली आणि दोन बोटांत धरून चहात बुडवून ठेवली.

"होईल मऊ," त्या म्हणाल्या, आणि वाट बघत बसल्या.

भट्टीवर विटांची रास बिघडली की मिस्त्री आधी विचारत, आग कोणाच्या हातात होती? तो माणूस पुढे येईपर्यंत कोणाला हलू देत नसत.

"तो स्क्रू राहू दे," ते म्हणाले. "आग माझ्या हातात होती."

कोणाला काही कळेना. मग त्यांनी बोट रुतल्यापासून सगळं सांगितलं.

"अर्धा ओव्हन उघडल्यावर सांगताय, बाबा?" मुलगा म्हणाला.

"व्याही, विटा मात्र पक्क्या झाल्यात," विहीणबाई तोंडावर हात धरून हसल्या. सूनबाईनं मोडलेले तुकडे उचलून परत ट्रेमध्ये ठेवले. मिस्त्रींना तेच जास्त लागलं.

फ्रिजमध्ये थोडं पीठ उरलं होतं. मुलानं ओव्हनचे स्क्रू परत आवळले, तो जागेवर सरकवला आणि तापत लावला. सूनबाईनं सहा गोळे आत ठेवले आणि सासऱ्यांच्या हातात जाड फडकं दिलं. "मी सांगेन तेव्हा तुम्हीच काढायच्या."

कडा लालसर झाल्या. "काढा."

"मध्ये कच्चं दिसतंय गं."

"दिसू द्या. ट्रेच्याच गरमीनं शिजतं ते."

त्यांनी ट्रे काढला आणि दहा मिनिटं हात पाठीमागे बांधून ओट्यापाशी उभे राहिले. मग पहिली कुकी स्वतः विहीणबाईंपुढे धरली. त्या सावकाश चघळू लागल्या. मध्येच मनुका लागली तशा थांबल्या, डोळे मिटले, पुन्हा चघळू लागल्या.

मिस्त्रींनी आधीचा ट्रे आपल्यापुढे ओढला आणि त्यातली एक कुकी कडाकडा चावायला घेतली.