सर्व पसंती सुरक्षित

‘आपल्या सर्व वैयक्तिक पसंती सुरक्षित ठेवून ही सुधारणा पूर्ण करण्यात आली आहे.’

सोमवारी सकाळी लॅपटॉपने बाईंना हे निवेदन वाचून दाखवले, तेही एका अनोळखी, मधाळ बाईच्या आवाजात. निवेदनाचा खोटेपणा सिद्ध करायला एवढा आवाजच पुरेसा होता. पण बाईंनी आयुष्यभर कायदा शिकवलेला. पहिल्याच पुराव्यावर थांबणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी निवेदन एकेक शब्दाने सोलायला घेतले. ‘सर्व’ म्हणजे कोणत्या? ‘सुरक्षित’ म्हणजे कुणापासून? आणि ‘करण्यात आली’, तर ती केली कुणी? ज्या वाक्यात कर्ता दडी मारून बसतो, त्यात गुन्हा शोधावा, असे त्या विद्यार्थ्यांना बजावत असत.

बाईंची दृष्टी पन्नाशीत गेली. तेव्हापासून पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा हा प्रोग्राम त्यांचे डोळे झाला होता. त्याचा मूळ आवाज सर्दी झालेल्या कारकुनासारखा, म्हणून त्याचे नाव ‘कारकून’. पुढे चांगले आवाज आले; बाईंनी ते कानाआड केले. कारण या कारकुनाला त्यांच्या यजमानांनी वळण लावले होते. डॉक्टर पेशाने दंतवैद्य. दवाखाना बंद केला की लॅपटॉपपुढे बसायचे आणि कोणता शब्द कारकुनाने कसा उच्चारावा, ते त्याच्या सेटिंगमध्ये भरायचे. सुरुवात सरळ होती, चुकीचे उच्चार सुधारण्यापुरती. मग डॉक्टरांची खोडी जागी झाली. नणंदेचा मेल आला की कारकून तिच्या नावाऐवजी ‘तोफखाना’ म्हणू लागला. बॅटरी उतरली की ‘बाईसाहेब, माझा जीव चालला’. लॅपटॉप बंद करताना ‘निजा आता, जग उद्याही असंच असणार आहे’. आणि जेवायला कधीच वेळेवर न येणाऱ्या मुलाच्या नावाऐवजी, ‘लाटसाहेब’.

डॉक्टर मागच्या हिवाळ्यात गेले. कारकून मात्र त्यांचे बोलणे बोलतच राहिला. बाई रोज लॅपटॉप बंद करायच्या त्या केवळ ते ‘निजा आता’ ऐकण्यासाठी.

आता बंद करताना ती मधाळ बाई म्हणत होती, ‘धन्यवाद. पुन्हा भेटू.’

बाईंनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवून झाल्यावर एक मुलगी बोलू लागली.

“मॅडम, आपल्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद आहे. आपण लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केलात का?”

“माझे यजमान दंतवैद्य होते. तेही आधी चूळ भरायला सांगायचे. पण नंतर तोंडात बघायचे.”

मुलगी चुकून हसली. मग सावरून म्हणाली, “पण नवा आवाज किती छान आहे, मॅडम. सगळ्यांना आवडतो.”

“म्हणूनच मला नको. मला माझं जुनं सगळं हवंय. तुम्ही लेखी सांगितलंय की ते सुरक्षित आहे. कुठे आहे?”

किबोर्डची टकटक झाली.

“मॅडम, इथे दिसतंय की आपण ‘नव्याने सुरुवात करा’ निवडलंत. त्यात जुनं सगळं पुसलं जातं. परत आणता येत नाही.”

“मी काहीही निवडलेलं नाही. मला कुणी विचारलंच नाही.”

“विचारतो आम्ही, मॅडम. दोनदा विचारतो. पडद्यावर येतं.”

“मला ऐकू आलं नाही.”

“हो, म्हणजे...” मुलीचा आवाज खाली आला. “सुधारणा चालू असताना वाचणारा आवाज बंद असतो. तेव्हा कुणीतरी बघून बटण दाबावं लागतं.”

आंधळ्यांसाठी वाचक बनवणाऱ्या या थोर कंपनीने आपला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मूकपणे विचारायची सोय केली होती! एरवी बाईंनी तिची सालटी काढली असती. पण त्यांच्या मनात आता वेगळाच हिशेब जुळत होता. बटण बघून दाबावे लागते. या घरात बघणारा कोण? रविवारी रात्री लॅपटॉपपुढे बसून ‘मी करून देतो, आई, तू पड जरा’ म्हणणारा कोण? त्यांनी आभार मानून फोन ठेवला.

संध्याकाळी मुलगा आला. चप्पल काढल्याचा आवाज झाला. मग नेहमीसारखा पिशवीतली फळे टोपलीत ठेवल्याचा.

“आज वेळेवर आलास,” बाई म्हणाल्या. “डॉक्टर असते तर मूर्च्छा आली असती त्यांना.”

तो हसला नाही.

“त्या सुधारणेत तुला काही प्रश्न आला होता?”

“असतील काहीतरी. ते आपोआप होतं, आई. तो नवा आवाज ऐकलास? निदान माणसासारखं बोलते ती.”

“मी कंपनीशी बोलले. दोनदा विचारतात म्हणे.”

टोपलीतले एक फळ निसटून फरशीवर गडगडत गेले. ते कुणी उचलले नाही.

“हात चुकून लागला असेल, तर तसं सांग,” बाई म्हणाल्या. आवाज त्यांनी वर्गातल्यासारखा ठेवला होता; पण तो ‘चुकून’पाशी थरथरला. आयुष्यात प्रथमच त्या आरोपीला पळवाट दाखवत होत्या, आणि त्याने ती घ्यावी म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

तो खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला. मग म्हणाला:

“चुकून नाही. दोनदा विचारलं त्याने, दोन्ही वेळा मी हो म्हटलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तू सांगतेस, बाबा हॉस्पिटलमध्ये असताना तुझ्या लॅपटॉपवर माझा मेसेज आला, कारकून म्हणाला, ‘लाटसाहेब: आलोच’, आणि बाबा शेवटचं हसले. लोकही हसतात. मी तेव्हा खाली होतो, आई. जिने चढत होतो, धावत. खोलीत आलो तेव्हा तू अजून हसत होतीस, त्यांचा हात धरून, आणि ते गेले होते. तुला ते मी सांगितलं. त्यानंतर तुला मेसेज पाठवला की मी इथे नसलो तरी मला ते ‘लाटसाहेब’ ऐकू यायचं. मला फक्त माझं नाव काढायचं होतं. तासभर शोधलं, बाबांनी ते कुठे भरलंय ते सापडलंच नाही. म्हणून मी सगळं पुसलं.”