दौंडच्या भिंतीवरचा समुद्र

मला खाली उतरवण्याची तसदी आता कुणी घेत नाही, म्हणून माळ्यावरूनच बोलतो. मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. कापडावर डकवलेला, वरखाली लाकडी दांड्या असलेला, शाळेच्या भिंतीवर टांगतात तसला. माझ्या माथ्यावर ठळक अक्षरांत ‘भूमध्य सागरी प्रदेश’ असं लिहिलेलं आहे. वर युरोप, खाली आफ्रिका, उजव्या हाताला आशिया आणि मध्ये निळाशार समुद्र. दौंड तालुक्यात एवढं पाणी दुसऱ्या कुणाच्या अंगावर नाही, याचा मला एके काळी फार गर्व होता. तो आता राहिलेला नाही.

माझा जन्म १९६९ साली पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. आधी कागद छापला, मग खळ लावून त्याच्या पाठीला मांजरपाट चिकटवला आणि वरून रोगण फिरवलं. तिथून एस.टी.च्या टपावर बसून मी खुटबावकडच्या एका हायस्कुलात आलो. तिथली पहिली वीसेक वर्षं मजेत गेली. ज्या मुलाला काही येत नसे तोही उठून इटली दाखवायचा, कारण ती बुटासारखी दिसते. छडीचं टोक रोज तिथंच टेकल्यामुळे बुटाच्या टाचेला भोक पडलं. तपासणीला आलेले साहेब मात्र दर वर्षी म्हणायचे, “नकाशा चांगला जपलाय.” भोकाकडे त्यांचं कधी लक्ष गेलं नाही आणि मीही ते दाखवायला गेलो नाही.

१९७६ साली राजश्रीबाई भूगोल शिकवायला आल्या. अंगानं बारीक, आवाज मात्र शेजारच्या वर्गापर्यंत जाणारा. लग्न त्यांनी केलं नव्हतं. वडील लवकर गेले, धाकट्या भावाचं शिक्षण आणि आईचं दुखणं यांत लग्नाचं वय निघून गेलं आणि मग कुणी तो विषय काढेना. दौंडहून त्या रोज शटल गाडीने यायच्या. दर वर्षी माझ्यासमोर उभ्या राहून सांगायच्या, “भूमध्य सागरी प्रदेशात उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस हिवाळ्यात पडतो.” मुलं ते वहीत उतरवायची. परीक्षेत लिहायची. पुढल्या वर्षी दुसरी मुलं.

एकदा म्हाळसा नावाची मुलगी उभी राहिली. तिच्या घरी मेंढ्या होत्या. तिचा बाप उन्हाळ्यात कळप घेऊन शेतकऱ्यांच्या रानात बसवायचा. रानाला खत मिळायचं, त्याबदल्यात याच्या घरात धान्य यायचं.

“बाई,” ती म्हणाली, “तिथं पाऊस हिवाळ्यात, तर मेंढरं कवा आन् कुणाच्या रानात बसवत्यात?”

“पुस्तकात दिलेलं नाही ते,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही बघितलं न्हाई व्हय?”

“नाही गं.”

मुलगी खाली बसली. तिला उद्धटपणा करायचा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तास संपला, मुलं बाहेर पळाली, तरी बाई माझ्यावर हात टेकून उभ्या होत्या. मी तिथं होतो म्हणून सांगतो, जायचं त्यांनी त्या दिवशी ठरवलं.

पुढे जग बदललं. माझ्यावरचा एक अखंड देश तिकडे फुटून त्याचे चार-पाच झाले आणि मी चुकीचा ठरलो. मला कपाटामागे ढकललं. सहा वर्षं मी धूळ आणि पाली यांच्या संगतीत काढली. शेवटी १९९७ साली जुनं सामान बाद करायचं ठरलं आणि शाळेतल्या शिपाई सिंधूबाई मला बंबाखाली घालायला घेऊन निघाल्या. बाईंनी त्यांना दारात गाठलं.

“सिंधूबाई, हा मला द्या.”

“न्या की. पर जुना झालाय बाई, देश बी खरे न्हाईत त्याच्यावरचे.”

“समुद्र तर खरा आहे ना,” बाई म्हणाल्या.

मित्रांनो, इतकं चांगलं माझ्याविषयी कुणीच बोललेलं नाही.

दौंडच्या त्यांच्या घरात, पलंगासमोरच्या भिंतीवर बाईंनी स्वतः खिळा ठोकून मला टांगलं. मग सुरू झालेली चार वर्षं हीच माझ्या आयुष्यातली खरी वर्षं. शाळेत मी लोकांना माहिती देत होतो. इथं माझ्यावर कुणाचा तरी जीव जडला होता.

बेत असा होता. २००१ चा उन्हाळा. मे महिन्याची सुट्टी आणि तिला जोडून साठलेली रजा, असे अडीच महिने. एकटीनं. अथेन्सला उतरायचं, बोटीनं क्रीट, तिथून सिसिली, नेपल्स, मग मार्सेल्स, बार्सिलोना. जिब्राल्टरला समुद्राचं तोंड बघायचं आणि आफ्रिकेच्या काठानं ट्युनिस करत अलेक्झांड्रियाला संपवायचं. बाईंनी टाचण्या टोचल्या आणि त्यांना लाल लोकर गुंडाळली. टाचण्या दुखतात, पण मी कधी कुरकुर केली नाही. त्या त्या देशांच्या पर्यटन खात्यांना बाई पत्रं लिहायच्या. तिकडून चकचकीत पुस्तकं यायची, तेव्हा पोस्टमनही दारात उभा राहून चाळून घ्यायचा.

त्यांची तयारी बघून मला हसू यायचं आणि भरूनही यायचं. पाठीवर पिशवीत पाच किलो ज्वारी घालून त्या रोज संध्याकाळी भीमेच्या घाटापर्यंत चालत जाऊन यायच्या. पंधरा दिवस भाकरीशिवाय राहून बघितलं. आणि एक गोष्ट अशी केली की तिचं मोल तुम्हाला कदाचित कळणार नाही. एका रविवारी त्या एस.टी.नं शिरूरला गेल्या आणि स्टँडजवळच्या हॉटेलात एकट्या बसून जेवून आल्या. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा. घरी येऊन आईला सांगताना त्यांचे डोळे चमकत होते.

“वेटरनं तीनदा विचारलं, मागनं कोण येणार हाय का म्हणून. मी म्हटलं, कोण न्हाई, मी एकटीच हाय.”

आई, चांगुणाबाई, गुडघे दाबत ऐकत होत्या. “आन् मग दिलं का जेवायला?”

“दिलं की.”

“मग जाशील तू,” आई म्हणाल्या.

आता झालेल्या चुकीबद्दल सांगतो. ती दुसऱ्या कुठल्या मुलखात झाली नसती. बाईंची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५१ होती. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांचीही बहुधा एक जूनच निघेल. त्या काळी मास्तर घरोघर फिरून मुलं गोळा करायचे. जन्म कधीचा हे घरात कुणाला नेमकं सांगता येत नसे, मग मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. त्या वर्षी शाळेचा पट भरत नव्हता, म्हणून चार वर्षांच्याही न झालेल्या राजश्रीला सहा वर्षांची करून बसवलं होतं. हे सगळ्या घराला ठाऊक होतं आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

पासपोर्टच्या अर्जाला शाळेचा दाखला पुरत होता. पण बाईंना हौस आली. शिरूर तालुक्यातल्या आपल्या जन्मगावी जाऊन त्यांनी ग्रामपंचायतीचं जन्माचं जुनं रजिस्टर काढायला लावलं आणि त्यात स्वतःला शोधलं. १४ ऑगस्ट १९५३. पुढे वडिलांचं नाव आणि ‘मुलगी’ एवढंच. तेव्हा बारशाआधी नोंद व्हायची, त्यामुळे नावाचा रकाना रिकामाच राहायचा. त्याचा उतारा घेऊन बाई घरी आल्या. त्या दिवशी त्या आरशासमोरून दोन-तीनदा गेल्या.

“दोन वर्षांनी लहान झाले मी, पोपट.”

पोपट म्हणजे धाकटा भाऊ. कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टला जायचा. कारखान्यात राहून कागदांची नस त्याला कळली होती. “आक्का, फॉर्मला एकच दाखला लाव,” तो म्हणाला. “दोन कागद दिसले का सायेब लोकं तिसरा मागत्यात.”

“खरी तारीख हातात असताना खोटी कशी लावू? मुलांना काय शिकवते मी?”

“निदान दोन्ही तरी लावू नको.”

बाईंनी दोन्ही लावले. वर एका कागदावर स्वच्छ अक्षरात खुलासा लिहिला. त्यांना वाटलं, खरं सांगितल्यावर माणसं समजून घेतील. मी भिंतीवरून बघत होतो. मला कुणी विचारलं असतं, तर मीही लावाच म्हटलं असतं, इतका आनंद होता घरात.

दोन महिन्यांनी पत्र आलं. दोन जन्मतारखा असल्यामुळे अर्ज थांबवला आहे, खरी कोणती ते सिद्ध करा. चौकशी शाळेपर्यंत गेली. तिथून शाळा चालवणाऱ्या संस्थेत. तिथं कुणीतरी म्हणालं की बाईंना नोकरीची दोन वर्षं वाढवून घ्यायची आहेत, परदेशवारी हे नुसतं निमित्त आहे. लोकांनाही ते पटलं. दौंडची एक मास्तरीण एकटी समुद्राभोवती फिरायला निघते यापेक्षा दोन वर्षांचा पगार हे कारण कुणालाही चटकन समजतं. बाईंची फाईल उघडली, चौकशी बसली, पेन्शनवर टाच येईल असं कानावर यायला लागलं. २००१ चा मे आला आणि गेला. टाचण्या गंजल्या आणि माझ्यावर तांबडे डाग पडले.

वर्ष उलटून गेल्यावर संस्थेतले क्लार्क गेणबा आप्पा घरी आले. माणूस वाईट नव्हता. आणलेला स्टॅम्प पेपर त्यांनी मांडीवर ठेवला आणि बराच वेळ चहा पीत राहिले.

“बाई, यातून एक वाट हाय. रजिस्टरात नाव न्हाई, नुसतं मुलगी लिवलंय. तवा ती मुलगी तुम्ही न्हाई, असं लिवून द्या. तुमच्या पाठची बहीण व्हती, ती लहानपणीच वारली. तुमचा जन्म एक जूनचाच. तुमची सही आन् आईंचा आंगठा. फाईल मिटंल, पासपोर्टबी सुटंल.”

“माझ्या पाठीवर बहीण नव्हती, आप्पा. एकटा पोपट आहे.”

“मला ठावं हाय, बाई.”

चांगुणाबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला. “जित्या लेकीला मेली म्हणून आंगठा कसा देऊ रं मी?”

नऊ महिने पोटात वागवलेल्या मुलीचा तो एकुलता एक कागद होता, आणि तोच खोटा पाडायचा होता. बाई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, त्या नाही म्हणतील. मनापासून वाटलं. पण सव्वीस वर्षांची नोकरी होती, आईची औषधं होती, आणि त्या लोकरीचं टोक अजून अथेन्सच्या टाचणीला बांधलेलं होतं. बाईंनी सही केली. मग आईचा हात धरून अंगठा शाईत टेकवला आणि कागदावर दाबला.

त्या संध्याकाळी चांगुणाबाईंनी गॅस पेटवला नाही. पोपट कामावरून आला, डबा ठेवला, स्वयंपाकघरात डोकावला.

“आई, सैपाक न्हाई का आज?”

“घरात मयत झाल्यावर त्या दिशी चूल पेटवत न्हाईत,” आई म्हणाल्या.

पोपटनं बहिणीकडे बघितलं. बाईंनी मान वळवली. तिघंही उपाशी झोपले.

पुढच्या उन्हाळ्याआधी पासपोर्ट आला. पोपटनंच तो पोस्टमनकडून घेतला आणि मोठ्या उत्साहानं आत आणला. “आक्का, झालं बघ काम. औंदा सुट्टीत निघ तू. आईला मी बघतो, शिफ्ट बदलून घेतो.”

बाईंनी पासपोर्ट उघडला. फोटो त्यांचाच होता. खाली १ जून १९५१. त्यांनी तो मिटला आणि खुर्चीवर चढून माझ्या अंगातल्या टाचण्या एकेक करून काढायला लागल्या.

“आगं, काढती कशापायी?”

“कोण जाणार आहे, पोपट? जिला जायचं होतं तिला मी कागदावर मारलं. आईच्या अंगठ्यानं मारलं. आता ही जी उरलीय, तिला कुठं जायचंच नाही.”

तिनं मला, हो, त्या क्षणी मी तिला मनात एकेरीतच हाक मारली, तिनं मला गुंडाळलं, लोकरीनंच बांधलं आणि माळ्यावर सरकवलं. चांगुणाबाई त्याच वर्षी गेल्या. बाई २००९ साली निवृत्त झाल्या, ठरलेल्या तारखेला, म्हणजे खऱ्या वयापेक्षा दोन वर्षं आधी. आता त्या खाली पलंगावर बसून असतात, रेडिओ ऐकतात. माळ्याकडे बघत नाहीत. मला वाळवी लागली आहे. ती आफ्रिकेकडून वर चढते आहे आणि समुद्रापर्यंत पोचली आहे. मला त्याचं फार दुःख होत नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंनी शेवटी सांगायचं असतं की आमची निगा राखा. मी तसं सांगणार नाही. नकाशा खराब झाला तर दुसरा छापता येतो, आणि त्याच्यावरचे देश अधिक बरोबर असतात. पण तुमच्या घरात एखादी आत्या, एखादी मावशी भिंतीवर नकाशा लावून बसलेली असेल, तर तिला सांभाळा. ती निघेपर्यंत तिच्या बाजूनं उभे राहा. आणि तिच्या खऱ्याला खोटं पाडणारा कागद घेऊन कुणी दारात आलं, कितीही भला माणूस असला, तरी त्याला चहा पाजून परत पाठवा. त्या दिवशी या घरात हे करायला कुणी नव्हतं. मी होतो, पण मी भिंतीवर होतो.