डावी बाजू जरा सैल

आमच्या मुरुम गावच्या बायका शिवायला टाकताना स्वतः माप द्यायला येत नाहीत, मापाचं ब्लाउज पाठवतात. जुनं, अंगाला नीट बसलेलं एक ब्लाउज पिशवीत घालून दिलं की झालं. बाजारपेठेमागच्या गल्लीत इतकी वर्षं मी मशीन चालवते, पण निम्म्या गिऱ्हाइकांच्या अंगाला माझी टेप कधी लागलेली नाही. सगळ्यांना ही रीत सोयीची वाटते. मला तिचा राग येतो, कारण नागम्माक्काचं दुखणं त्या पिशवीतच झाकून राहिलं.

नागम्माक्का म्हणजे किराणा दुकानवाल्या वीरप्पांची बायको. तिची मुलगी शिवप्रिया ब्लाउज घेऊन आली. "खैरुनखाला, आई म्हणली डावी बाजू जरा सैल करा." केली. पुढच्या वेळी पुन्हा डावीच. त्यानंतर आलं तेव्हा शिवणीत सोडायला कापडच उरलं नव्हतं. मी निरोप धाडला, आता स्वतः या.

दुपारी गल्ली पेंगत असताना ती आली. पडद्याआड टेप लावली आणि माझा हात थांबला. कच्च्या पेरूसारखी टणक गाठ होती.

"अक्का, हे कधीपासनं?"

"दुखत न्हाय गं. दुखत न्हाय ते दुखणं कसलं?"

"सोलापूरला दाखवा. उद्याच जावा."

तिनं पदर ओढून घेतला. "शिवप्रियाचं जळकोटला जमलंय. आईला गाठ म्हणलं की लेकीलाबी होती म्हणत्यात लोकं. सोयरीक मोडंल. झाकली मूठ सव्वा लाखाची, भाभी. लगीन होऊ दे, मग तू म्हणशील तिथं येते."

मी भांडले, हातापाया पडले. ती उठून गेली.

मग साखर घ्यायच्या निमित्तानं मीच वीरप्पांच्या दुकानात गेले. गल्ल्यावर ते बसलेले, समोर गिऱ्हाइकं. छाती हा शब्द मी दिवसभर बोलते, कापडावर खडूनं लिहिते. तिथं तो तोंडातून निघेना.

"अण्णा, अक्काची तब्येत बरी न्हाय. सोलापूरला घिऊन जावा," एवढंच बोलले.

"लग्नाच्या गडबडीत दमली असंल. बायकांचं काय, काही ना काही चालूच असतंय," म्हणाले आणि साखर बांधायला लागले. माणूस वाईट नाही. पुढं काही विचारावं, असं त्यांना वाटलंच नाही. मी पुडी घेऊन घरी आले आणि स्वतःवरच चरफडत बसले.

लग्नासाठी अक्कानं इरकलीवरचं ब्लाउज शिवायला टाकलं. "दोनी बाजू सारख्या दिसल्या पायजेत," म्हणाली. उजवीकडं आतून कापूस भरून मी ते शिवलं. नाही म्हटलं असतं तर दुसरीकडं गेली असती, आणि मग तिच्याकडं बघणारं कुणीच उरलं नसतं. मांडवात बायका फिटिंगचं कौतुक करत होत्या. मी न जेवताच उठले.

लग्न उरकल्यावर अक्का दिलेल्या शब्दाप्रमाणं सोलापूरला आली. सोबत वीरप्पा आणि मी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पसरलंय, आधी का आणलं नाही? बाईंनी आणखी एक बजावून सांगितलं, की लेकीनंही तपासून घ्यायला हवं, उशीर करू नका.

पंचमीला शिवप्रिया माहेरी आली. अक्का तेव्हा खाटेवर पडून होती, औषधानं केस गेलेले. मी पोरीला जवळ बसवून विचारलं, "तपासून आलीस का?"

तिनं मान खाली घातली. "सासूबाई म्हणल्या, तपासायला गेलीस तर लोकं म्हणतील, काहीतरी असंल म्हणूनच गेली."

माझं डोकं फिरलं. "लोकं येणार हायत का तुझं दुखणं काढायला? मी बोलते तुझ्या सासूशी. आत्ता फोन लाव."

तिनं फोन हातात घेतलाही. तेवढ्यात अक्का खाटेवरून बोलली. आवाज अगदी खोल गेला होता.

"नको गं भाभी. नवं घर हाय तिचं. आधी संसार बसू दे."

शिवप्रिया आईच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती. तिनं फोन खाली ठेवला.