बांधामागचं जांभूळ

सुभेदार नाथाजी त्याला धरण म्हणायचे. म्हसवडच्या बाजूला स्वतःच्या रानात, स्वतःच्या ओढ्यावर मातीचा बांध घालून त्यांनी पाणी अडवलं होतं. रस्त्याला कमान उभारून ‘सुभेदार जलविहार’ अशी पाटीही लावली होती. आता याला धरण नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? गाव म्हणायचं, ‘सुभेदाराचं डबकं’. गावाचं तोंड कोण धरणार! पण उन्हाळ्यात त्याच गावाची पोरं बदकाच्या बोटीत बसायला गर्दी करायची. मग नाथाजी शिट्टी फुंकून त्यांना अशी काही रांगेत उभी करायचे की बिचाऱ्यांना वाटावं, आपण मिलिटरीच्या भरतीलाच आलोय.

बदक कुपवाडच्या एका कारखान्यात बनवून घेतलेलं. पांढरंशुभ्र अंग, लाल चोच, आत दोघांनी मारायचे पायडल. सगळं गाव त्यात बसून झालं, फक्त घरच्या मालकीणबाई बसल्या नाहीत. "चांगल्या मानसानं बदकाच्या पोटात जाऊन बसायचं व्हय?" असं बनुबाई म्हणायच्या आणि विषय संपवायच्या.

नाथाजींना आणखी एक खोड होती. तळ्यावर पाव्हणा आला की त्याच्या हातानं बांधावर झाड लावून घ्यायचं आणि त्याच्या नावाची पत्र्याची पाटी ठोकायची. मेहुणे लालासाहेबांचा नारळ, बहीण क्रांतीचा आवळा, सरपंचांचा गुलमोहर, सगळे पाण्याच्या बाजूला ऐटीत उभे. स्वतःच्या नावाचं जांभूळ मात्र त्यांनी मागच्या उतारावर लावलं. पाव्हणा म्होरं, यजमान मागं, ही त्यांची रीत. बनुबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "ही थेरं तुमची तुमी निस्तरा. मी एका पाव्हण्याच्या झाडाला तांब्याभर पानी घालनार न्हाई." नाथाजी पाव्हण्यांच्या झाडांना इमानेइतबारे पाणी घालायचे. मागं जायचं तेवढं राहून जायचं.

त्या एप्रिलात पलटणीतले जुने दोस्त बायकामुलांसह रविवारी यायचे होते. वर्षभर फोनवर नाथाजींनी धरणाच्या एवढ्या बढाया मारल्या होत्या की ऐकणाऱ्याला तिथं जहाजं चालत असतील असं वाटावं. घरात लाडू वळून झाले होते. आणि शनिवारी सकाळीच खालच्या वस्तीवरचा ज्ञानू धापा टाकत आला.

"सुभेदार, बांधाच्या मागनं पानी पाझारतंय! माज्या गोठ्याम्होरं चिखल झालाय."

लेक साक्षी सुट्टीला घरी आली होती. ती इंजिनिअर, मलकापूरला राहून बंधाऱ्यांचीच कामं बघायची. ती तडक उतरावरून खाली गेली. चिखल पायानं दाबून बघितला, मग वर नजर टाकली. ओल सुरू झाली होती बरोबर नाथाजींच्या जांभळाच्या बुडाशी.

"आप्पा, मातीच्या बांधावर झाडं लावू नका म्हणून किती वेळा सांगितलं? मुळांच्या कडेनं पाणी आत वाट काढतं. एवढ्या उन्हात मागच्या अंगाला ओल आहे म्हणजे लक्षण चांगलं नाही."

"मग आता?"

"तळं रिकामं करायचं. आत्ताच."

नाथाजींनी तळ्याकडं बघितलं. उद्या दोस्त येणार आणि बदक चिखलात तंगड्या वर करून पडलेलं असणार. पण खाली ज्ञानूचं घर होतं, दावणीला गाभण म्हैस होती. त्यांनी पुन्हा तळ्याकडं बघितलं नाही.

"ज्ञानू, पोरंबाळं आन जनावरं वर घे," ते म्हणाले आणि तळ्याचं पाणी सोडायच्या व्हॉल्व्हच्या चाकाला हात घातला.

चाक गंजलं होतं. नाथाजी जोर लावतायत तोवर घराकडून बनुबाई पिठाच्या हातानं पळत आल्या.

"आवं, थांबा! फिरवू नगा ते!"

"अगं थांबून कसं चालंल? बांध फुटला तर ज्ञानूनं काय करायचं?"

"कशाला फुटतोय बांध! हात काढा म्हनते ना!"

बनुबाई तरातरा बांधावर चढल्या. गवतात हात घालून त्यांनी काळी पाईप ओढून काढली. तिचं एक टोक तळ्यात बुडालेलं, दुसरं थेट जांभळाच्या आळ्यात.

"तुमी ट्रॅक्टरातलं डिझेल तोंडानं वढून काढता न्हवं? तसंच पानी वढलं," बनुबाई खाली मान घालून म्हणाल्या. "रोज घटकाभर सोडत हुते. लाडवाच्या गडबडीत पाईप काढायचीच राहिली बगा."

साक्षीनं आधी कपाळावर हात मारून घेतला, मग हसता हसता ती खालीच बसली. तरी तिनं ज्ञानूची म्हैस दिवसभर वरच बांधायला लावली. संध्याकाळी ओलीच्या कडा वाळून पांढऱ्या पडल्या, तेव्हाच तिचं समाधान झालं. "बांध शाबूत आहे," ती म्हणाली, "पण पावसाळ्यात सगळी झाडं खाली हलवायची. या वेळी आईची पाईप निघाली, पुढच्या वेळी खरंच मुळं असतील." नाथाजींनी मान डोलावली.

लेक आत गेल्यावर त्यांनी बायकोला गाठलं. "तांब्याभर घालनार न्हाई म्हनली हुतीस की."

"पाव्हण्यांच्या झाडांना म्हनले हुते." बनुबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "सैपाकघराच्या खिडकीतनं रोज तेच दिसतंय. तुमच्या नावाचं झाड, आन पानं गळाय लागलेली. मला झोप लागंना."

"मग सांगायचं न्हाई का मला?"

"काय सांगू? गावाच्या झाडांचं बगता, सोताचं कवा बगितलंय तुमी?"

उभ्या नोकरीत वरिष्ठांना फाडफाड उत्तरं दिलेल्या सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी खुशाल येऊ दिलं. मग खाकरून म्हणाले, "उद्या पाव्हणं यायच्या आदी बदकात बसतीस का? पायडल मी मारतो."

बनुबाईंनी मोठा विचार केल्यासारखं केलं. मग कोपऱ्यातली बादली उचलून त्यांच्या हातात दिली.

"बसंन. पर आदी पानी घालून या."

"कुनाला?"

"तुमाला."