शंभर मिलिलिटरची बाटली

माझी सगळी नोकरी शहराचं पाणी तपासण्यात गेली. नळाचं पाणी शंभर मिलिलिटरच्या बाटलीत घ्यायचं, एक दिवस उबेला ठेवायचं आणि आत कुणी तग धरून आहे का ते बघायचं. पस्तीस वर्षं मी बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच वाक्य लिहिलं, 'जंतू आढळले नाहीत.' अशा माणसाला व्याही मिळावेत कसे, तर प्रत्येक जीव देवाने स्वतःच्या हाताने बेतला असं छातीठोकपणे सांगणारे शिंपी.

माणूस लाखात एक, हे मी आज म्हणतो. आधीची आठ वर्षं आमचा छत्तीसचा आकडा होता. नातीच्या सातव्या वाढदिवसाला तर आम्ही कहरच केला. तिला नवा फ्रॉक घालता घालता व्याही म्हणाले, हा मी बेतला आणि तुला देवाने. मला कुठला दम निघायला? मी तिथल्या तिथे चार अब्ज वर्षं मागे जाऊन गढूळ पाणी, विजा आणि रसायनं काढली. ते म्हणाले, कोट कधी आपोआप शिवला जात नाही. मी म्हणालो, कोटाला पिल्लंही होत नाहीत. शब्दाने शब्द वाढला, मेणबत्त्या केकवर वितळल्या आणि जिचा वाढदिवस ती टेबलाखाली जाऊन रडत बसली.

दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीने दोघांना समोर बसवलं. मी तिचा बाप, ते तिचे सासरे, पण त्या दिवशी आम्ही दोघे वर्गाबाहेर उभी केलेली कार्टी होतो. तिने एकच अट घातली. या विषयावर आपापलं मत पोरीच्या कानावर घालायचं नाही. एकदा जरी घातलं तर शनिवार बंद.

शनिवारी मुलगी आणि जावई दोघंही कामावर असतात, आणि नात दुपारभर व्याह्यांच्या दुकानात आमच्या ताब्यात असते. निवृत्त माणसाला सगळे वार सारखेच. मला एक शनिवार तेवढा ओळखू येतो. तो गेला असता तर माझ्यापाशी काय उरलं असतं, हे मी मोजायलाही बसलो नाही. मी मुकाट्याने मान डोलावली. व्याह्यांनीही डोलावली.

नातीला आम्ही भुंगा म्हणतो. एखादा प्रश्न डोक्यात शिरला की तिची भुणभुण थांबत नाही. पुढच्याच शनिवारी ती कापड बेतायच्या लांब टेबलाखाली बटणांचा डबा उपडा करून बसली होती. दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची दुसरीकडे. व्याही खडूने बाही आखत होते, मी पेपर वाचत होतो. खालून आवाज आला, "सगळ्यात पहिला जिवंत कोण होता? आणि तो आला कुठून?"

मी पेपर तोंडासमोर धरला. जीभ नुसती वळवळत होती. व्याह्यांनी खडू खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझं मत सांगायला मला बंदी आहे. तुझ्या आजोबांचं सांगितलं तर चालेल."

आता हे काय तारे तोडतात म्हणून मी पेपर खाली घेतला. त्यांनी टेबलावरच्या चिंध्या मुठीत गोळा केल्या. आजोबा म्हणतात, फार फार वर्षांपूर्वी पाण्यात अशा बारीक बारीक चिंध्या होत्या, त्यांतली एकही जिवंत नव्हती. ऊन तापत होतं, विजा पडत होत्या आणि चिंध्या एकमेकींना चिकटत होत्या, सुटत होत्या. असं कोट्यवधी वर्षं चाललं. मग कधीतरी अशी एक चिंधी तयार झाली, की जी स्वतःच्या मापाने दुसरी चिंधी बेतू शकत होती. दुसरीने तिसरी बेतली. बेतताना थोडं चुकायचं, आणि त्या चुकांमधूनच मासे, पाखरं आणि भुंगे झाले.

"पण पहिली चिंधी नेमकी कशी झाली?" भुंग्याने विचारलं.

"ते अजून आढळलं नाही," व्याही म्हणाले. "आजोबांच्या खात्यातली माणसं प्रामाणिक असतात. जे सापडलं नाही ते नाहीच असं ती लिहीत नाहीत. आढळलं नाही, एवढंच लिहितात."

मी थक्क झालो. हे मी त्यांना कधीतरी लग्नाच्या पंगतीत सांगितलं होतं आणि विसरूनही गेलो होतो. माझं म्हणणं मलासुद्धा इतकं नीट सांगता आलं नसतं.

मग भुंगा माझ्याकडे वळला. व्याह्यांना ती आबा म्हणते. आता तू आबांचं सांग. मी घसा खाकरला आणि सांगितलं, की आबांच्या मते देवाने सगळं केलं. आठ वर्षं भांडूनही मला पुढचं माहीतच नव्हतं.

"तू कडू औषध प्यायल्यासारखं काय सांगतोस?" ती म्हणाली.

व्याही सुईत दोरा ओवत राहिले. मला मनापासून लाज वाटली.

सोमवारी मी दुकानात गेलो. कोट शिवायचा आहे, अशी थाप मारली. व्याह्यांनी टेप काढला आणि न मापताच म्हणाले, की तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे, पोरांच्या लग्नासाठी तुम्हाला शिवलेल्या कोटात मी आत थोडा कापूस भरला होता. पस्तीस वर्षं मी नमुन्यांच्या बाटल्यांची पिशवी त्याच खांद्यावर वाहिली होती. मी म्हणालो, बघा, हा खांदा पिशवीने घडवला, देवाने नाही. ते हसले. पिशवीने खांदा उतरवला हे कबूल, म्हणाले, पण लोकांच्या पोटात घाण जाऊ नये म्हणून ती इतकी वर्षं वाहायची बुद्धी कुठून आली, ते मला सांगा. मला उत्तर देता आलं असतं. पण त्या दिवशी मी ऐकायला आलो होतो, म्हणून तोंड मिटून बसलो.

मग ते हळूहळू बोलायला लागले. आमचा जावई सातव्या महिन्यात जन्मला होता. डॉक्टरांनी आशा सोडली होती. त्याच्या मापाचे कपडे कुठे मिळेनात, म्हणून यांनी आपल्या रुमालातून अंगडं बेतलं. बाही अंगठ्याएवढी. पोर जगलं.

"तुम्ही म्हणता ते खोटं आहे असं मला वाटत नाही हो," ते म्हणाले. "चिंध्या असतीलही. पण त्या दिवशी मला आभार मानायचे होते. आभार मानायला समोर कुणीतरी लागतं."

त्याच पोराला मी माझी मुलगी दिली होती, आणि मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं म्हणा. दोघांनी चहा घेतला. निघताना मी कोटाचं माप खरोखरच दिलं.

शनिवारी मी भुंग्याला आबांचं म्हणणं पुन्हा सांगितलं. या वेळी रुमालासकट. चाळीस वर्षांत आबांना दोन माणसं एका मापाची भेटली नाहीत, हेही सांगितलं. इतकं निरनिराळं बेतणारा कुणीतरी असणार, आणि त्याने बेतताना प्रत्येकाकडे नीट पाहिलं असणार, असं आबांना वाटतं. व्याही इस्त्री तशीच हातात धरून ऐकत होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आजोबा," भुंगा म्हणाला, "पण तुला काय वाटतं? देव आहे?"

नेमकी त्याच वेळी दारात माझी मुलगी उभी. लवकर सुटली होती. किती वेळ ऐकत होती कोण जाणे. उत्तर द्यावं तर शनिवार जाणार, टाळावं तर पोरीला वाटणार की आजोबा खोटं बोलतात. मी मुलीकडे पाहिलं.

"माझ्या बाटलीत आढळला नाही," मी म्हणालो. "पण माझी बाटली शंभर मिलिलिटरची."

भुंग्याने थोडा विचार केला आणि बटणं डब्यात भरायला घेतली. व्याह्यांनी इस्त्री खाली ठेवली. मुलीने पोरीचं दप्तर उचललं, चपला घालून दिल्या आणि दारातून वळून मला विचारलं, "बाबा, पुढच्या शनिवारी हिला जरा लवकर आणून सोडलं तर चालेल?"