चौथी गोळी

मालनकाकूंचा राग यावा असं त्यांनी काहीच केलं नव्हतं, आणि प्रज्ञाला नेमका त्याचाच राग यायचा. भांडण झालं असतं तर अबोला धरता आला असता. पगारी बाई असत्या तर दुसरी बघता आली असती. पण खालच्या मजल्यावरच्या या बाई तनयाला सांभाळायचा एक पैसा घेत नव्हत्या, वर येताना ताटलीखाली काहीतरी झाकून आणायच्या आणि ते हमखास पोरीच्या आवडीचं निघायचं. अशा माणसाचा दुस्वास करायचा म्हणजे करणाऱ्याचीच पंचाईत.

प्रज्ञाची बँकेने नाशिकहून जयपूरला बदली केली तेव्हा तनया दोन वर्षांची होती. दर्शन विम्याच्या कामाने महिन्यातला निम्मा वेळ फिरतीवर. जगतपुऱ्यात भाड्याने फ्लॅट घेतला, तर खाली साताऱ्याकडची बाई निघाली. त्यांचे यजमान सर्जेराव, फौजेतले सुभेदार, निवृत्तीनंतर इथल्याच एका कॉलेजात सुरक्षेची नोकरी धरून राहिले होते, आणि वारलेही इथेच. मालनकाकू एकट्या होत्या. "पोरीला माझ्याकडं सोड की," त्या म्हणाल्या, आणि प्रज्ञाला तेव्हा देवच भेटल्यासारखं वाटलं होतं.

आता तनया पाच वर्षांची झाली होती. नर्सरी सुटली की व्हॅनमधून उतरून ती सरळ काकूंकडे जायची. तिथेच जेवायची, काकूंच्या गोधडीत काकूंच्या पोटाशी झोपायची. संध्याकाळी प्रज्ञा घ्यायला गेली की "थोडी देर और, मम्मा" म्हणून काकूंच्या पदराआड लपायची. आईशी ती हिंदीत बोलायची. प्रज्ञाने अक्षरांचे तक्ते लावले, गोष्टींची पुस्तकं मागवली, पण घरात मराठी म्हणून काही उमटलं नाही. आणि एकदा जिन्यात उभ्या उभ्या तिने ऐकलं, पोरगी आत ठसक्यात म्हणत होती, "आज्जी, मला बी भाकर दी की!" प्रज्ञाच्या अंगाचा तिळपापड झाला. रात्री तिने दर्शनला फोन करून सांगितलं, तर तो हसला. त्याला नाशिक काय आणि सातारा काय, पोर मराठी बोलतंय यातच आनंद होता.

मग जंतांचं निघालं. तनया रात्री झोपेत बूड खाजवायची, चुळबुळायची, दात खायची. दुर्गापुऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन प्रश्न विचारून ओळखलं. दोऱ्यासारखे बारीक जंत. खाजवलं की अंडी नखांत जातात, नखांतून तोंडात आणि अंथरुणात, आणि अंथरुणातून शेजारी झोपणाऱ्याकडे. एकट्या मुलीला औषध देऊन भागत नाही, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्यायची आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा.

"घर में कौन-कौन है?"

"हम तीन," प्रज्ञा म्हणाली.

"चार," तनया मांडीवरून म्हणाली. "आज्जी भी है."

"वो तो पड़ोसी हैं, बेटा," प्रज्ञा घाईने म्हणाली.

"बच्ची और कहीं सोती तो नहीं?"

"नहीं," प्रज्ञाने सांगून टाकलं. रोज दुपारी माझी मुलगी दुसऱ्या बाईच्या कुशीत झोपते, हे एका परक्या बाईसमोर बोलायला तिची जीभ उचलेना. तनयाने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर तिने तिला पाण्याची बाटली दिली.

तिघांनी गोळ्या चघळल्या. प्रज्ञाने नखं कापली, चादरी-अभ्रे उकळत्या पाण्यात काढले, गच्चीवर जयपूरच्या उन्हात कडकडीत वाळवले. दोन आठवड्यांनी सगळं परत केलं. आणि दीड महिन्याने पोरगी पुन्हा झोपेत खाजवायला लागली.

पोरीच्या दुखण्याने आईला बरं वाटेल असं कुणी म्हणणार नाही, पण प्रज्ञाला त्या सकाळी मनातून उकळ्या फुटत होत्या, हे खोटं कशाला सांगा. आपल्या घरात तर काही राहिलेलं नाही. म्हणजे घोडं पेंड खातंय ते खाली! काकूंनी फाटकातल्या एका पिवळ्या कुत्रीला लळा लावला होता, तनया तिच्या गळ्यात पडायची. झालं. आता काकूंना गोडीत सांगायचं, डॉक्टरांचीच सक्ती आहे म्हणून, आणि पोरीला पाळणाघरात घालायचं. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या तिने पाळणाघराची वेळसुद्धा ठरवून टाकली.

डॉक्टरीणबाईंनी कुत्रीचं ऐकून मान हलवली. कुत्र्याचे जंत वेगळे, त्याची गोळी वेगळी, ती जरूर द्या. "लेकिन ये वाला इंसान का है, इंसान से ही आता है. दोपहर में किसके पास सोती है?"

"आज्जी के पास," तनया म्हणाली. "एक गोधडी में."

बाईंनी प्रज्ञाकडे पाहिलं. "उनको दवा दी थी?"

प्रज्ञाने पर्स उघडून जुनी चिठ्ठी शोधायला घेतली.

"नर्सरी से लाई होगी. बच्ची से उनको हुआ, उनसे फिर बच्ची को. इस बार चार गोली ले जाइए."

घरी येईपर्यंत प्रज्ञाने त्या वाक्याचे दोन तुकडे केले आणि आपल्या सोयीचा तेवढा जवळ ठेवला. काकूंनी दार उघडलं. हात पिठाचे होते.

"काकू, तनयाला परत जंत झालेत. डॉक्टर म्हणाल्या, तुमच्याकडून होतायत."

"माझ्याकडनं?" काकूंनी आपल्या नखांकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "महिना झाला, रातच्याला खाज सुटती खरी. लाजंनं कुणाला सांगितलं न्हाय. कुत्रीला देती की गं दर तिमाहीला गोळी, सुभेदारांनी लावलेली शिस्त. माझं माझ्या ध्यानातच न्हाय आलं."

तेवढ्यात तनया प्रज्ञाच्या बगलेखालून आत धावली. काकू झटकन मागे सरल्या आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"लांब हो बाळा. शिवू नगंस मला." आणि प्रज्ञाला म्हणाल्या, "आता पोरीला खाली धाडू नगंस. माझ्या पायी लेकराला त्रास नगं."

दोन वर्षं प्रज्ञा ज्याचे मनात मांडे खात होती ते असं आयतं पानात पडलं होतं. आता फक्त 'बरं' म्हणायचं. तनया काकूंच्या मागे गेलेल्या हातांकडे बघत राहिली, आणि मग चौकटीला धरून रडायला लागली. आई दोन पावलांवर उभी होती, तरी आईकडे आली नाही.

"मी अर्धंच सांगितलं," प्रज्ञा म्हणाली. "नर्सरीतून तिनेच आणले. तिच्याकडून तुम्हाला झाले. तुम्हाला गोळी मागच्या वेळीच द्यायला हवी होती. डॉक्टरांनी विचारलं होतं, मीच तुमचं नाव घेतलं नाही."

"का गं?"

"नाही घेववलं."

काकूंना कळलं असावं, पण त्यांनी ते धरून ठेवलं नाही. "म्हंजी पोरीचंच हाय व्हय!" त्या एकदम हसल्या, नातीने बाहुली ठेवायला दिल्यासारख्या. "आन् तुला गं? तू बी रोज जवळ घेऊन झोपतीस. तुला न्हाय झालं?"

"नाही."

"दर्शनला?"

"नाही."

आणि एवढं सगळं कबूल करून झाल्यावरही प्रज्ञाच्या काळजात कळ गेलीच. रात्रभर पोरगी आपल्या शेजारी असते, आणि जंतसुद्धा नेऊन दिले ते खाली!

काकूंनी हात धुतले. रात्री येणाऱ्या दर्शनची एक बाजूला ठेवून तिघींनी उंबऱ्यातच गोळ्या चघळल्या. प्रज्ञाने पर्समधून नेलकटर काढलं आणि तनयाची नखं कापली. मग काकूंनी तिच्यापुढे हात केला. "माझी बी काढ. चाळशी सापडंना."

प्रज्ञाने तो खरखरीत हात मांडीवर घेतला. हाच हात दुपारी पोरीच्या पाठीवर असतो. एकेक नख ती कापत गेली, अगदी मुळापर्यंत.

"अगं हळू," काकू म्हणाल्या. "रगत काढतीस का काय?"

"मम्मा," तनया डोळे पुसत म्हणाली, "आज्जीला दुखतंय की."

तनया आईशी बोललेलं ते पहिलं मराठी वाक्य होतं. प्रज्ञाने पुढचं नख हळू कापलं.